लग्न, ब्लू कार्ड आणि माझी डिग्री: कोणी कोणाच्या व्हिसावर जायचं?

पेठेतली (धागाकर्ती)

नमस्कार. दोन वर्षं इथे फक्त वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. प्रश्न लांब आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी फिजिओथेरपिस्ट. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची साडेचार वर्षांची बीपीटीएच, नंतर पुण्यात अस्थिरोग विभागात पाच वर्षं काम. होणारा नवरा हिंजवडीत एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर आलीय: वर्षाला ४९,५०० युरो, रुजू व्हायची तारीख १ जून. साखरपुडा दिवाळीनंतर झाला. लग्नाचं म्हणाल तर यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. घरच्यांच्या मते त्याआधी कार्यालय मिळणं अवघड, म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यातला मुहूर्त धरलाय. म्हणजे नवरा आधी परदेशी आणि लग्न नंतर, असं उलटं होऊन बसलंय.

आमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली: कसंही करून आधी लग्न करायचं आणि मी त्याची पत्नी म्हणून जायचं. दुसरी: तो पुढे जाईल, मी पुण्यात राहून जर्मन बी२ पर्यंत (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) पूर्ण करेन आणि डिग्रीच्या मान्यतेसाठी जो वेगळा व्हिसा असतो, त्यावर स्वतःच्या नावावर जाईन. तिसरी म्हणजे चान्सनकार्ट, नोकरी शोधण्यासाठीचं एक वर्षाचं कार्ड. माझं ए२ झालंय, बी१ चा वर्ग सुरू आहे.

खरं सांगायचं तर मला पहिल्या वाटेची भीती वाटते. पाच वर्षं रोज बारा-पंधरा पेशंट हाताखालून गेलेत. गुडघा बदललेल्या आजी पहिल्यांदा जिना चढतात तेव्हा मी शेजारी उभी असते. आणि आता कागदावर माझ्या नावापुढे 'अवलंबित' लागणार. हे नुसतं मनाचं दुखणं आहे, की त्याचे खरोखरचे परिणामही आहेत? ज्यांनी यातून वाट काढलीय त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

नेकारकाठी

अभिनंदन दोघांचं. स्टुटगार्टला नऊ वर्षं आहे, आधी मी आलो, वर्षभराने बायको आली. जे नक्की ठाऊक आहे तेवढंच लिहितो.

आधी त्याचा पगार पाहू, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे. ब्लू कार्डची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या वास्तव्य परवान्याची, किमान पगाराची अट दर जानेवारीला बदलते. २०२५ मध्ये ती ४८,३०० युरो होती, २०२६ साठी ५०,७०० आहे. म्हणजे ४९,५०० ची ऑफर गेल्या वर्षी सर्वसाधारण अटीत बसली असती, यंदा बसत नाही. पण घाबरू नका. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी मर्यादा खालची आहे, २०२६ मध्ये ४५,९३४.२० युरो, आणि सॉफ्टवेअर त्या यादीत आहे. फरक इतकाच की या वाटेने केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते. त्यामुळे कंपनीने नोकरीचं वर्णन नीट लिहून द्यायला हवं. 'इंजिनिअर' एवढ्यावर भागवू नका, काम काय करणार ते आलं पाहिजे. शिवाय त्याची डिग्री आणि विद्यापीठ आनाबिनच्या (परदेशी पदव्यांची जर्मन नोंदसूची) यादीत कसं नोंदलंय ते आजच बघा. विद्यापीठापुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) असेल आणि डिग्री समकक्ष दाखवली असेल तर त्या पानांच्या छापील प्रती काढून अर्जाला जोडा. नसेल तर झेडएबीकडून, म्हणजे परदेशी शिक्षण तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून, तुलनापत्र काढावं लागेल. त्याची फी २०८ युरो, आणि वेळ जातो तो वेगळाच.

आता तुमच्याबद्दल. ब्लू कार्डवाल्याच्या पत्नीला किंवा पतीला येण्याआधी जर्मनचं प्रमाणपत्र दाखवावं लागत नाही, आणि आल्या दिवसापासून कुठलंही काम करायची परवानगी असते. नोकरी, अर्धवेळ, स्वतःचा व्यवसाय, सगळं. तासांची मर्यादा नाही, मालक ठरलेला नाही. तुमच्या मनात 'अवलंबित' शब्दाने जे चित्र उभं केलंय ते इथल्या कायद्यात तसं नाही. खरं पाहिलं तर तुमच्या परवान्यावर त्याच्या परवान्यापेक्षा कमी बंधनं असतील, कारण त्याला पहिल्या वर्षात नोकरी बदलायची तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं.

चान्सनकार्टचा विचार सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. ते जून २०२४ मध्ये सुरू झालं, चांगली सोय आहे, पण ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांच्यासाठी. बँकेत महिन्याला हजार युरोंहून जास्त अडकवून ठेवायचे, आठवड्याला फक्त २० तास काम, आणि वर्षात नोकरी मिळाली नाही तर परत. घरात ब्लू कार्ड येत असताना ही वाट कशाला?

एक महत्त्वाचं: जर्मनीत हे सगळं लग्न झालेल्या जोडप्यांनाच. साखरपुड्याचे फोटो कितीही दाखवा, उपयोग नाही.

आमराई

+१ नेकारकाठी. मुहूर्ताचं एवढं ओझं घेऊ नका. आमच्या वेळीही असंच झालं होतं. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने आधी लग्न केलं आणि विधी चार महिन्यांनी थाटात झाले. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावं लागतं. दोघांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस मुक्काम हवा. तीन साक्षीदार. आत्ता नोटीस दिलीत तर मार्चच्या सुरुवातीला प्रमाणपत्र हातात.

जुनी_जर्सीकर

तुमचा तो शब्दाबद्दलचा परिच्छेद वाचला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. म्हणून लिहितेय, जर्मनीशी माझा संबंध नसला तरी.

मी नागपूरची, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी. २००८ मध्ये एच-४ वर, म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत आले. तेव्हा एच-४ वर काम करायची परवानगीच नव्हती. पगारी काम नाही म्हणजे नाही. मे २०१५ मध्ये नियम बदलला, तोही मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डचा पहिला टप्पा, आय-१४०, मंजूर आहे त्यांच्यासाठी. माझी सात वर्षं त्यात गेली. त्या वर्षांत मुलं झाली, घर उभं राहिलं, ते मी वाया गेलं असं म्हणणार नाही. पण प्रयोगशाळेत परत उभं राहायला गेले तेव्हा माझ्यानंतर शिकलेली मुलं मला उपकरणं समजावून सांगत होती.

आमच्या शेजारी एक जोडपं होतं, नवरा कंपनीच्या अंतर्गत बदलीवर, एल-१ वर आलेला. त्याच्या बायकोला काम करता येत होतं. एकच मजला, एकच वय, एकच शिक्षण, आणि नवऱ्याच्या व्हिसावरचं अक्षर वेगळं म्हणून तिचं आयुष्य वेगळं. ऑफर आली तेव्हा आम्ही पगार बघितला, घरभाडं बघितलं, शाळा बघितल्या. माझ्या व्हिसावर काय लिहिलं असेल हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

तुम्ही विचारताय. ते अगदी बरोबर करताय.

सह्यवारा

माझं मत थोडं वेगळं. जर्मनीत पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी परिवीक्षेचे असतात, त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. तुम्ही इथली पाच वर्षांची नोकरी सोडून गेलात आणि चौथ्या महिन्यात त्याला घरी बसवलं तर दोघंही अधांतरी. त्याला पुढे जाऊ द्या. घर मिळू दे, नोकरी पक्की होऊ दे. तेवढ्यात तुमचं बी२ होईल. वर्षभराच्या विरहाने काही बिघडत नाही, आमच्या आधीच्या पिढ्यांनी आखातात दहा-दहा वर्षं काढली.

नेकारकाठी

सह्यवारा, घराचा मुद्दा मान्य. स्टुटगार्टमध्ये दोन खोल्यांचं घर मिळायला आम्हाला पाच महिने लागले. पण बाकीचं पटत नाही. मी स्वतः वर्षभर एकटा राहिलो. त्या वर्षी माझ्याभोवती एक जग तयार झालं: ऑफिसचे मित्र, भाषा, बँक, डॉक्टर. बायको आली तेव्हा तिला प्रत्येक गोष्टीत माझ्या मागून चालावं लागलं. दोघं एकत्र चुकली असती तर बरं झालं असतं असं आज वाटतं.

आणि व्यवहारही बघा. दोघांचे अर्ज एकत्र करता येतात. कंपनी तयार असेल तर जलद प्रक्रिया आहे, तिची फी ४११ युरो, ती कंपनीमार्फत तिथल्या कार्यालयात सुरू होते. एकदा पूर्वसंमती आली की वकिलातीने तीन आठवड्यांत भेटीची वेळ द्यायची आणि पुढच्या तीन आठवड्यांत निर्णय. पत्नीचा अर्ज त्याच्या अर्जापासून सहा महिन्यांच्या आत आला तर तोही त्याच प्रक्रियेत बसतो, वेगळे ४११ नाहीत. व्हिसाची फी प्रत्येकी ७५ युरो ती वेगळी.

टेम्सकाठचा

सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलीय, की मुख्य अर्जदार तोच. का?

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो आणि मी माझ्या बायकोचा 'डिपेंडंट' म्हणून आलो. ती फिजिओ आहे, मुंबईत शिकलेली. तिने आधी भारतातूनच इथल्या हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी केली. अभ्यासक्रमाचे तास, प्रॅक्टिकलचा तपशील, अनुभवपत्रं, सगळं कॉलेजकडून सहीशिक्क्यानिशी मिळवावं लागलं. मग नोकरी, मग हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा. या व्हिसावर आरोग्य अधिभार माफ आहे. इतरांना तो माणशी वर्षाला १,०३५ पौंड पडतो, दोघांचा पाच वर्षांचा हिशोब तुम्हीच करा. मला आल्यापासून कुठेही काम करता येतं. मार्च २०२४ पासून केअर वर्करना जोडीदार आणता येत नाही, पण तो नियम केअर वर्करपुरता आहे, फिजिओला लागू नाही.

काळजीची बाजूही सांगतो. प्रायोजकत्व देणारी नोकरी मिळणं आता पूर्वीपेक्षा कठीण झालंय. कायमच्या वास्तव्यासाठी पाच वर्षं लागत, ती सर्वसाधारणपणे दहा करायचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मांडलाय. आणि हो, 'मी मास्टर्सला येते आणि नवऱ्याला सोबत आणते' हा जुना मार्ग जानेवारी २०२४ पासून बंद आहे, संशोधनाच्या पदव्या सोडून.

पण भाषा तुमची तयार आहे आणि तिथे तुमची पदवी पुढे असेल, त्याची मागे. एकदा तरी या बाजूने कागदावर मांडून बघा.

(माझ्या सासरी सुरुवातीला विचारायचे, 'जावई काय करतात मग तिकडे?' बायकोने एकदाच सांगितलं, 'माझ्या व्हिसावर आलाय, मला फार आधार आहे त्याचा.' त्यानंतर कोणी विचारलं नाही.)

डेल्फ्टकर

माहितीसाठी: नेदरलँड्समध्ये लग्नाची अट नाही. दोघंही अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र आणि कायमस्वरूपी नात्याचं घोषणापत्र चालतं. उच्चकुशल कामगाराच्या जोडीदाराला कामाची पूर्ण मुभा. ऑफर तिकडची असती तर अधिक मासाचा प्रश्नच आला नसता. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातही लग्नाशिवायचं नातं चालतं, पण सर्वसाधारणपणे बारा महिने एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो, आणि साखरपुडा झालेल्या पुणेरी जोडप्याकडे तो कुठून असणार.

कॅनडाचा विचार कोणी करत असेल तर एवढं लक्षात ठेवा: २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचं खुलं वर्क परमिट सरसकट मिळत नाही. मुख्य अर्जदाराची नोकरी वरच्या श्रेणीतली किंवा ठरावीक क्षेत्रातली हवी, आणि त्याच्या परमिटचे निदान १६ महिने शिल्लक हवेत. जुने लेख वाचून निर्णय घेऊ नका.

कृष्णाकाठची

मी सांगलीची. जर्मनीत फिजिओ म्हणून सहावं वर्ष. हा धागा मैत्रिणीने पाठवला, त्यासाठीच आज लॉगिन केलं.

पेठेतली, तुझ्या मनात दोन परवाने एकत्र झालेत, ते आधी वेगळे कर. एक, या देशात राहायचा आणि काम करायचा परवाना. दुसरा, फिजिओथेरपिस्ट म्हणवून घ्यायचा आणि पेशंटला हात लावायचा परवाना. पहिला तुला पत्नी म्हणून फुकट मिळतोय. दुसरा कोणत्याही व्हिसाने मिळत नाही. तो राज्याचं मान्यता कार्यालय देतं, आणि त्यासाठी तू कोणत्या व्हिसावर आहेस याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसतं.

मी आले ती तुझ्या दुसऱ्या वाटेने, मान्यतेच्या व्हिसावर, एकटी, लग्न व्हायच्या आधी. म्हणून त्याचा हिशोब मला बोटांवर पाठ आहे. तो व्हिसा मिळायला आधी भारतातूनच मान्यतेचा अर्ज करून तुटीचं पत्र हातात असावं लागतं. तुझ्या अभ्यासक्रमात त्यांच्या मानाने काय कमी आहे त्याची यादी असते त्यात. मग ती तूट भरून काढायचा कोर्स कुठे करणार, जगणार कशावर, हे सगळं दाखवायचं. त्याच्या बाहेर दुसरं काम करायचं तर आठवड्याला २० तास. तू पत्नी म्हणून आलीस तर हाच कोर्स, हीच परीक्षा, पण पोट भरायची चिंता डोक्यावर नाही, तासांचं बंधन नाही, आणि तुला पगार सुरू होईपर्यंत नवऱ्याच्या सरकारी आरोग्य विम्यात तू विनामूल्य. मला पहिल्या वर्षी दात दुखला तरी आधी पैशाचा विचार यायचा.

आता मान्यतेबद्दल. इथे फिजिओथेरपी हे विद्यापीठाचं नाही, व्यावसायिक शाळेचं शिक्षण आहे, तीन वर्षांचं. २,९०० तास वर्गातले आणि १,६०० तास प्रत्यक्ष रुग्णांवर. आपली पदवी मोठी म्हणून आपोआप समकक्ष, असं होत नाही. ते तास मोजतात, विषयवार. मला मसाजचे आणि पाण्यातल्या व्यायामाचे तास कमी पडले. न्यूरो आणि ऑर्थोमध्ये आपण भरपूर पुढे असतो, पण एका विषयातले जास्तीचे तास दुसऱ्यात चालत नाहीत. त्यामुळे आत्ता, पुण्यात असताना, हे कर: कॉलेजकडून चारही वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विषयवार तासांसह उतारा घे, आणि इंटर्नशिपचा विभागवार तपशील घे, किती आठवडे कुठे. पाच वर्षांच्या नोकरीचं अनुभवपत्र नुसतं 'काम केले' असं नको. कोणते रुग्ण, कोणत्या पद्धती, आठवड्याचे किती तास, हे सगळं लिहून घे. अनुभवाने तूट भरून निघू शकते, पण ती कागदावर दिसली तरच. परदेशातून कॉलेजच्या कार्यालयात फोन करून हे मिळवायला मला अकरा महिने लागले.

तूट राहिलीच तर दोन पर्याय असतात: ज्ञानाची परीक्षा, किंवा शिकाऊ म्हणून जुळवणीचा काळ. मी दुसरा घेतला आणि त्याचा पस्तावा नाही. इथली कामाची पद्धतच निराळी आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर ठरावीक वेळा लिहिलेल्या असतात, एका वेळेला पंधरा-वीस मिनिटं. आपल्यासारखं पेशंट बरा वाटेपर्यंत अर्धा-पाऊण तास नाही. आणि पेशंट बोलतो ते पुस्तकातलं जर्मन नसतं. स्टुटगार्टकडे श्वाबिश बोलतात. 'गुडघा आतून ओढल्यासारखा वाटतो' हे एखादी ऐंशी वर्षांची बाई तिच्या बोलीत सांगते, तेव्हा बी२ चं प्रमाणपत्र पुरत नाही. ते कान तिथे राहूनच तयार होतात. म्हणून बी२ साठी पुण्यात थांबू नकोस. बी१ पूर्ण करून ये. कुटुंब-व्हिसावर आलेल्यांना एकात्मता वर्गाचा हक्क असतो, तिथे पुन्हा बी१ ची उजळणी होईल, मग व्यवसायासाठीचा बी२ वर्ग. माझ्या मते पुण्यातल्या एका वर्षात जेवढं जर्मन येईल तेवढं तिथे चार-पाच महिन्यांत येतं, दारातून बाहेर पडलीस तर.

'अवलंबित' म्हणत होतीस ना? ज्या दिवशी तुझ्या नावाचं ते प्रमाणपत्र, उरकुंडं म्हणतात त्याला, हातात येईल, त्या दिवशी कुठल्याही गावातलं प्रॅक्टिस तुला बोलावून घेईल. माझ्या भागात तरी फिजिओची इतकी चणचण आहे की पेशंटना आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं.

पेठेतली (धागाकर्ती)

कृष्णाकाठची ताई, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी मोठ्याने वाचला, दोनदा. 'दोन परवाने वेगळे कर' हे आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. कॉलेजला सोमवारी जातेय.

टेम्सकाठचा, तुमच्या प्रतिसादावर रात्री खरोखर कागद घेऊन बसलो. इंग्लंडची वाट आम्हाला मनापासून आवडली, पण त्यात नोंदणी आणि मग नोकरी, दोन्ही अजून हवेत आहेत, आणि याची ऑफर हातात आहे. तरी एक सांगते: 'तू माझ्या व्हिसावर आलास तर?' असं मी त्याला विचारलं तेव्हा तो क्षणभरही अडखळला नाही. 'चालेल की' म्हणाला. ते ऐकून माझी अर्धी भीती गेली.

उरलेली अर्धी भीती लिहिताना हात थरथरतोय, पण विचारते. पत्नी म्हणून गेले आणि पुढे काही कारणाने आमचं जमलं नाही, तर?

एक_सदस्या

याचं उत्तर मी देते. नाव देत नाही, समजून घ्या.

कायदा असा आहे: लग्नाचं सहजीवन जर्मनीत तीन वर्षं झालेलं असेल तर विभक्त झाल्यावर पत्नीला स्वतंत्र परवाना मिळतो. घरात छळ किंवा मारहाण असेल तर तीन वर्षांची अट बाजूला ठेवतात. ही तरतूद बायकांना माहीत नसते आणि 'मी तुला परत पाठवीन' या धमकीवर त्या वर्षानुवर्षं गप्प राहतात. कोणी वाचत असेल तर ऐका: परत पाठवणं नवऱ्याच्या हातात नसतं.

माझी दोन वर्षं आणि दोन महिने झाले होते. छळ नव्हता, आम्ही दोघं फक्त एकमेकांसाठी नव्हतो. तीन वर्षांची अट मला पुरत नव्हती. मी वाचले ते एकाच कारणाने: तोपर्यंत माझी डिग्री मान्य झालेली होती आणि माझ्या क्षेत्रात माझी नोकरी होती. त्याच कार्यालयात जाऊन पत्नीचा परवाना बदलून कुशल कामगाराचा घेतला. देश सोडावा लागला नाही. माझ्याबरोबर वर्गात असलेली एक मुलगी, तिचंही लग्न साधारण तेव्हाच मोडलं. तिने मान्यतेचा अर्जच केला नव्हता, 'घाई काय आहे' म्हणून. तिला परतावं लागलं.

तेव्हा पत्नी म्हणून जरूर जा. पण मान्यतेचा अर्ज पहिल्या महिन्यात टाक. तुमचं सगळं छान होणारच आहे, तरीही टाक.

नेकारकाठी

एक_सदस्या, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. याला जोडून एक भर घालतो. ब्लू कार्डवाल्याला कायम वास्तव्य २७ महिन्यांत मिळतं, बी१ असेल तर २१ महिन्यांत. त्यानंतर पत्नी आठवड्याला किमान २० तास नोकरी करत असेल आणि तिचा परवाना तीन वर्षांचा झाला असेल, तर तिलाही पाच वर्षं न थांबता स्वतःचं कायम वास्तव्य मागता येतं. हे २०२३ च्या कायदाबदलानंतरचं आहे, माझ्या बायकोला याचा फायदा मिळाला नव्हता. म्हणजे त्याने पण जर्मन शिकायचं. नुसतं ऑफिसात इंग्रजीवर भागतं म्हणून बसायचं नाही. तो बी१ ला जेवढा लवकर पोचेल तेवढी दोघांचीही पायाखालची जमीन लवकर पक्की होईल.

सह्यवारा

वरचे प्रतिसाद वाचून माझं मत बदललं. माझ्या बहिणीला आखातात नवऱ्याच्या पाठोपाठ जाता आलं नव्हतं, तो काळ डोक्यात ठेवून मी लिहिलं होतं. एकत्र जा. फक्त पहिल्या सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढे पैसे बाजूला ठेवून जा.

आमराई

कागदांबद्दल, कारण यात आमचा जीव मेटाकुटीला आला होता.

लग्नाचं प्रमाणपत्र एकच असू द्या. नोंदणी लग्न मार्चमध्ये, मग जूनमध्ये विधी झाल्यावर कोणीतरी हौशी काका 'महापालिकेतही नोंदवून टाकू' म्हणतील आणि जूनच्या तारखेचं दुसरं प्रमाणपत्र निघेल. दोन प्रमाणपत्रं, दोन तारखा, आणि मग समोरचा अधिकारी विचारतो खरं कोणतं. कायद्याने लग्न मार्चमध्ये झालं, तीच तारीख सगळीकडे.

नाव आत्ता बदलू नका. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र पहिल्या रकान्यात असतं. तुमची डिग्री, नोंदणी, अनुभवपत्रं सगळी त्याच नावावर. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं केलंत तर पासपोर्ट एक सांगणार आणि डिग्री दुसरंच. मान्यता कार्यालयात प्रत्येक वेळी 'ही तीच व्यक्ती' सिद्ध करत बसावं लागेल. सासूबाईंना प्रेमाने सांगा. माझ्या सासूबाईंना मी कागद समोर ठेवून सांगितलं, त्या म्हणाल्या, 'घरात तू आमचीच, कागदावर तुझ्या बाबांची राहा.'

आणि अपोस्टिलसाठी धावपळ करण्याआधी विचारा. आमच्या वेळी एजंटने दोघांच्या सगळ्या कागदांवर अपोस्टिल करून घ्यायला लावलं, पैसे भरले, आणि नंतर कळलं की भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली असल्याने तिथे त्याला किंमत नाही. त्यांची पद्धत म्हणजे गरज वाटली तर वकिलात स्वतः कागदांची पडताळणी करते. यादी फक्त मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावरून घ्यायची. २०२५ पासून अर्जही ऑनलाइन भरता येतो.

पेठेतली (धागाकर्ती)

सगळ्यांना कळवायचं होतं.

कंपनीशी बोलणं झालं. त्यांना लग्नाचं सांगितलं तर त्यांनी रुजू व्हायची तारीख १ जून ऐवजी १ जुलै केली, आणि जलद प्रक्रियेलाही तयार झाले. विचारलं नसतं तर मिळालं नसतं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस काल दिली. मार्चमध्ये नोंदणी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात विधी, आणि लगेच दोघं एकत्र.

आजीचा प्रश्न उरला होता. तिचं म्हणणं, 'कागदावर लग्न झालं की मुलगी सासरची, मग तीन महिने माहेरी कशी?' शेवटी तिनेच तोडगा काढला. नोंदणीच्या दिवशी घरी देवापुढे दोघांनी नमस्कार करायचा, ती ओटी भरणार, आणि मग जूनपर्यंत मी 'पाहुणी लेक'. तीन साक्षीदारांपैकी एक तीच होणार आहे. सही करायचा सराव सुरू आहे.

कॉलेजने विषयवार तासांचा उतारा द्यायला तीन आठवडे मागितलेत. कृष्णाकाठची ताई, इंटर्नशिपच्या तपशिलात प्रत्येक विभागाच्या प्रमुखाची वेगळी सही लागते का, की प्राचार्यांची एकच चालते?

कृष्णाकाठची

मला प्राचार्यांची एकच चालली, पण प्रत्येक पानावर शिक्का हवा. पानांवर 'एकूण पानांपैकी इतकं' असे क्रमांकही घालून घे. मूळ प्रती तीन काढ, भाषांतर मात्र जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच कर. आणि फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. आलीस की पहिल्या रविवारी जेवायला ये, मान्यतेचा अर्ज आपण एकत्र भरू.